'फाइन' म्हणजे नेमकं काय? या रोजच्या इंग्रजी शब्दाच्या चुका टाळा

सोलापुरात 'फाइन' हा शब्द कानावर न पडता दिवस मावळत नाही. ग्रंथालयात पुस्तक उशिरा परत केलं की फाइन. सात रस्ता चौकात सिग्नल मोडला की फाइन. जुनी अंगठी मोडीत काढायला नेली की सराफ आधी त्यात फाइन किती निघेल ते बघतो. आणि कुणी 'हाऊ आर यू' विचारलं की तिसरीतलं पोरगंसुद्धा एका दमात 'आय ॲम फाइन, थँक यू' म्हणून मोकळं होतं.

शब्द इतका ओळखीचा की त्यासाठी डिक्शनरी उघडावी असं कुणाला वाटत नाही. म्हणूनच त्याच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात. माझ्या संध्याकाळच्या वर्गात पुण्या-हैदराबादला नोकरीसाठी निघालेली मुलं असतात, नर्सिंगच्या मुली असतात, टॉवेल-चादरीचे छोटे कारखानदार असतात. इंग्रजीची पातळी प्रत्येकाची वेगळी, पण 'फाइन'शी सगळे सारखेच अडखळतात. माझं म्हणणं असं आहे की या शब्दाचे पाच-सहा अर्थ सुटे सुटे पाठ करू नयेत. मूळ एकदा समजून घ्यावं. मग कुठला अर्थ कुठे लागतो हे बऱ्यापैकी आपसूक कळायला लागतं.

मूळ न बघता अर्थ पाठ करणं

'फाइन'चं मूळ लॅटिनमधल्या 'फिनिस' या शब्दात आहे. फिनिस म्हणजे शेवट, हद्द, सीमा. आता शेवटाचा आणि चांगलेपणाचा काय संबंध, असं वाटेल. पण सीमेला एक दुसरी बाजूही असते: त्यापलीकडे काही उरत नाही. रोमन लेखक एखाद्या गोष्टीचा कळस सांगतानाही 'फिनिस' म्हणत. आपण 'पराकाष्ठा' म्हणतो, त्यातल्या 'काष्ठा'चा अर्थही सीमाच. लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' झाला आणि शेवटापर्यंत नेलेलं, पूर्णत्वाला पोहोचलेलं, अस्सल असा अर्थ त्याला चिकटला. 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, दरबाराची आणि कचेरीची भाषा फ्रेंच झाली, आणि त्या वाटेने तेराव्या शतकात 'फाइन' हे विशेषण इंग्रजीत रुळलं.

हे पटवून घ्यायला लंडनला जायची गरज नाही. शर्ट शिवून आणला की आपण उलटा करून शिवण बघतो आणि म्हणतो, "फिनिशिंग छान आलंय." फिनिशिंग म्हणजे खरं तर काम संपवणं. पण आपण तो शब्द दर्जासाठी वापरतो, कारण शेवटचा हात नीट फिरला तरच वस्तू चांगली दिसते हे आपल्याला ठाऊक असतं. लॅटिनपासून फ्रेंचपर्यंत 'फिनिस' ज्या वाटेने गेला, नेमक्या त्याच वाटेने सोलापूरच्या शिंप्याच्या दुकानात 'फिनिशिंग' गेलं आहे.

या घराण्यातले बाकीचे शब्दही आपण रोज वापरतो. फायनल इयर, फायनल झालेलं लग्न, किराणा दुकानातलं रिफाइंड तेल, हप्त्याने गाडी देणारी फायनान्स कंपनी. 'डिफाइन' म्हणजे सीमा आखून देणं. 'इन्फिनिट' म्हणजे ज्याला सीमाच नाही ते. कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपीत 'फाइन'चंच स्पेलिंग दिसतं. तो इटालियन शब्द आहे, उच्चार 'फीने', अर्थ समाप्ती. मुलं ते 'फाइन' असं वाचतात. वाचू नये.

कौतुक करायचं म्हणून 'इट वॉज फाइन' म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. हैदराबादच्या कंपनीत नवीन लागलेला मुलगा. परदेशातून आलेल्या साहेबांनी सगळ्यांना जेवायला नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, 'हाऊ वॉज द फूड?' मुलगा मनापासून म्हणाला, 'इट वॉज फाइन, सर.' त्याला म्हणायचं होतं, जेवण फर्मास होतं. साहेबांनी ऐकलं, चाललं, खाण्यासारखं होतं. दोघांपैकी कुणाचंच काही चुकलं असं दोघांनाही वाटत नाही. म्हणून ही चूक कधी कुणी दुरुस्तही करत नाही.

नियम जागेचा आहे. 'फाइन' नामाच्या आधी आला तर तो भारी शब्द आहे. 'शी इज अ फाइन टीचर' म्हणजे ती उत्तम शिक्षिका आहे, मन भरून केलेली स्तुती. 'अ फाइन टॉवेल' म्हणजे उंची टॉवेल. पण तोच शब्द क्रियापदानंतर, वाक्याच्या शेवटी गेला की किंमत घसरते. 'द टॉवेल इज फाइन' म्हणजे टॉवेल ठीक आहे, तक्रार नाही. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कारखानदाराला ग्राहकाने असा शेरा दिला, तर तो कौतुकाचा समजून जाहिरातीत छापू नये. वाचणारा इंग्रजी ग्राहक त्यातून एवढंच घेईल की माल फाटका निघाला नाही.

मराठी माणसाला हा फरक समजायला एक हक्काचा शब्द आहे: 'बरं'. "सिनेमा कसा होता?" "बरा होता." यात स्तुती किती आहे ते आपल्याला सांगावं लागत नाही. "कसंय?" "बरंय की." हे झालं 'आय ॲम फाइन'. "उद्या सकाळी या." "बरं." हे झालं 'फाइन' म्हणून दिलेला होकार. तापातून उठलेला माणूस "आता बरं वाटतंय" म्हणतो, तेही 'आय ॲम फाइन नाऊ'. क्रियापदानंतरचा 'फाइन' म्हणजे जवळजवळ दर वेळी 'बरं'.

आणि गंमत बघा, 'बरं'ची वाटचालही तशीच आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीच्या विठ्ठलाला संतांनी 'बरवा' म्हटलं. बरवा म्हणजे सुंदर, साजिरा, डोळे निवावेत असा. त्याच कुळातला 'बरा' आज परीक्षेतल्या पंचावन्न टक्क्यांना लागतो. उंची अर्थाचे शब्द रोजच्या वापराने मवाळ होत जातात, हे दोन्ही भाषांत घडलं. इंग्रजीने मात्र जुना उंची अर्थ टाकून दिला नाही. तो नामाच्या आधीच्या जागेत जपून ठेवला.

मग जेवण खरंच आवडलं तर काय म्हणायचं? 'इट वॉज व्हेरी गुड', 'इट वॉज डिलिशस', 'आय रिअली एन्जॉइड इट'. काहीही म्हणा, 'फाइन' नको.

'फाइन यार्न' लिहिताना जाड-बारीक विसरणं

हा मुद्दा सोलापूरकरांनी तरी नीट वाचावा, कारण इथे शब्द चुकला तर ऑर्डर चुकते.

जी वस्तू मुळात जाड किंवा बारीक असू शकते, तिच्याआधी 'फाइन' आला की अर्थ होतो बारीक, तलम. 'फाइन सँड' म्हणजे चाळलेली बारीक वाळू. 'फाइन प्रिंट' म्हणजे कर्जाच्या करारातली ती बारीक अक्षरं, जी सही करण्याआधी वाचायची असतात. पार्लरमध्ये कुणी 'यू हॅव फाइन हेअर' म्हणालं तर हुरळून जाऊ नका. तुमचा एकेक केस बारीक आहे एवढंच त्यात सांगितलंय.

सुताचंही तेच. धातू गाळून गाळून शुद्ध करायचा, सूत कातून कातून बारीक करायचं, पीठ चाळून चाळून मऊ करायचं. काम शेवटापर्यंत नेलं की वस्तू बारीक आणि निर्मळ होत जाते. म्हणून 'पूर्णत्वाला नेलेलं' या अर्थातून 'बारीक' हा अर्थ फुटला. कापडाच्या धंद्यात तो इतका पक्का बसला की आपल्याकडे सरकारने गिरणीच्या कापडाच्या प्रती ठरवल्या त्या कोर्स, मीडियम, फाइन आणि सुपरफाइन अशा. त्या प्रती सुताच्या काउंटवरून ठरत, टिकाऊपणावरून नाही.

काउंटचा हिशेब यंत्रमागावर वाढलेल्या कुठल्याही मुलाला माहीत असतो, तरी लिहितो. एक पौंड सुतात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. दहा काउंटच्या एक पौंड सुताची लांबी भरते 8,400 यार्ड, तर चाळीस काउंटच्या तेवढ्याच वजनाची 33,600 यार्ड. आकडा वाढला की सूत बारीक. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला बारीक सूत चालत नाही. चादरीचा भरदारपणा, टॉवेलच्या पाइलची, म्हणजे वर उठलेल्या धाग्यांच्या फाशांची, पाणी शोषण्याची ताकद हे सगळं जाड, कमी काउंटच्या सुतातून येतं. या दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि त्यांची ओळख तलमपणा ही कधीच नव्हती.

आता कॅटलॉगमधलं वाक्य बघा: 'वी यूज फाइन यार्न फॉर अवर चादर्स.' लिहिणाऱ्याच्या मनात आहे, आम्ही चांगलं सूत वापरतो. वाचणाऱ्या परदेशी खरेदीदाराच्या डोळ्यांपुढे येतं तलम, हलकं, उन्हाळी पांघरूण. तो काउंट विचारतो, उत्तर येतं दहा किंवा वीस, आणि त्याला वाटतं हा माणूस एक तर खोटं बोलतोय किंवा याला धंदा कळत नाही. माल उत्तम असून एका विशेषणाने पत गेली.

'द यार्न इज फाइन' हे वाक्य तर आणखी घातक. त्याचे दोन अर्थ होतात: सूत बारीक आहे, किंवा सूत ठीक आहे, पाठवा. नमुना पाहून खरेदीदाराने असं लिहिलं तर अंदाजावर जाऊ नका. 'डू यू मीन द काउंट ऑर द क्वालिटी?' असं सरळ विचारा. आणि स्वतः लिहिताना सुताच्या दर्जासाठी 'हाय-क्वालिटी कॉटन यार्न' लिहा, शेजारी काउंट आकड्यात द्या, टॉवेलचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, द्या. आकडा दिला की विशेषणावर भार राहत नाही.

सराफाच्या पेढीवरचा 'फाइन' याच अर्थाचा भाऊ. तिथे बारीक नाही, शुद्ध. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत 916 भाग शुद्ध सोनं. दहा ग्रॅमच्या अंगठीत फाइन सोनं भरतं 9.16 ग्रॅम. 'फाइन गोल्ड' याचा अर्थ 'सुंदर सोनं' असा नव्हे. ते भेसळ काढलेलं चोख सोनं. या शुद्धतेला इंग्रजीत 'फाइननेस' म्हणतात. 'फिनेस' हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ सफाई, नजाकत. दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये मुलं गल्लत करतात.

'फाइनली' कुठेही जोडणं

व्याकरणात शिकवलं जातं की विशेषणाला 'ली' लावलं की क्रियाविशेषण होतं. मग मुलं लिहितात, 'आय ॲम डूइंग फाइनली.' चूक. 'ठीक चाललंय' या अर्थी 'डूइंग फाइन' हेच बरोबर. मशीन नीट चाललं तर 'द मशीन इज वर्किंग फाइन'. 'फाइनली' हा फक्त 'बारीक' आणि 'कौशल्याने' या दोन अर्थांपुरता: 'फाइनली चॉप्ड अनियन्स' म्हणजे बारीक चिरलेला कांदा. वर पुन्हा 'फायनली' म्हणजे अखेरीस, तो आणखी निराळा. उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही जवळजवळ असल्यामुळे लिहिताना घोटाळा होतो.

शेंगा चटणीच्या पाकिटावर हे नेमकं चुकतं. आपली चटणी उखळात किंवा खलबत्त्यात कुटलेली. भाजलेल्या शेंगदाण्याला कुटता कुटता तेल सुटतं, लसूण-तिखट त्यात मुरतं, आणि ती भरड, किंचित ओलसर राहते, बोटांनी दाबली तर गोळा व्हावा अशी. तिच्या पाकिटावर कुणी 'फाइनली ग्राउंड पीनट चटणी' छापलं, तर परगावचं गिऱ्हाईक कोरडी, पावडरसारखी पूड समजून घेऊन जाईल आणि पाकीट फोडल्यावर नाराज होईल. छापायचं असेल तर 'कोर्सली पाउंडेड' छापा. भरडपणा हा आपल्या चटणीचा गुण आहे, तो लपवायचा कशाला?

'आय ॲम फाइन' हा होकार समजणं

चहा विचारला, 'वुड यू लाइक सम टी?' पाहुणा हसून म्हणाला, 'आय ॲम फाइन.' सोलापूरचा यजमान चहा टाकायला आत गेला. इंग्रजीत पाहुणा 'नको' म्हणाला होता.

इथेही मूळ अर्थ कामाला येतो. 'फाइन' म्हणजे पूर्ण, काही कमी नाही. मला काही कमी नाही, म्हणजे अजून काही नको. आपणसुद्धा जेवताना वाढणाऱ्याला 'पुरे' म्हणतो, आणि पुरे हा शब्द 'पूर्ण'च्याच घरातला. कुणी "चहा घ्या की" म्हणालं तर आपण "आत्ताच झाला" म्हणतो. 'झालं' म्हणून नकार देण्याची रीत आपल्याला नवी नाही. फक्त इंग्रजीत ती ओळखता यायला हवी.

उलट बाजूने सांगायचं तर, तुम्हाला खरोखर चहा हवा असेल आणि तुम्ही भिडेखातर 'फाइन, फाइन' म्हणालात, तर दुसऱ्यांदा आग्रह होणार नाही. आपल्याकडे तीनदा विचारतात. तिकडे एकदाच. हवा असेल तर 'येस, प्लीज' म्हणा. नर्सिंगच्या मुलींना मी हे मुद्दाम दोन्ही अंगांनी सांगतो, कारण परदेशी रुग्ण 'आय ॲम फाइन' म्हणाला तर त्याचा अर्थ 'मला दुखत नाहीये' असा असू शकतो किंवा 'मला आत्ता काही नको' असाही. प्रश्न काय होता त्यावर उत्तराचा अर्थ ठरतो. वेदनेबद्दल विचारायचं असेल तर वेदनेचंच नाव घेऊन विचारा.

'व्हेरी फाइन', 'नॉट फाइन', 'फायनर'

"तुम्हाला भेटून खूप बरं वाटलं." मराठीत हे वाक्य गोड आहे. त्यावरून 'आय फेल्ट व्हेरी फाइन' केलं की बिघडतं. 'ठीक' या अर्थाच्या 'फाइन'ला 'व्हेरी' लागत नाही. 'आय ॲम व्हेरी फाइन' ऐकणाऱ्याला खटकतं. पण 'अ व्हेरी फाइन सिंगर' किंवा 'व्हेरी फाइन सँड' बिनदिक्कत चालतं, कारण तिथे अर्थ उत्तम किंवा बारीक असा आहे आणि या दोन्हींना कमी-जास्त असतं. ठीक असण्याला कमी-जास्त नसतं.

याच कारणाने 'आय ॲम फायनर टुडे' चालत नाही, 'बेटर' म्हणावं लागतं. सूत मात्र 'फायनर' असतं.

रजेच्या अर्जात 'आय ॲम नॉट फाइन, सो काइंडली ग्रँट मी लीव्ह' असं मी इतक्यांदा वाचलंय की आता लाल पेन आपोआप चालतं. आजारपणासाठी 'आय ॲम नॉट वेल' किंवा 'आय ॲम नॉट फीलिंग वेल'.

दंडाच्या 'फाइन'आधी 'अ' गाळणं

'ही पेड फाइन.' लिहिणाऱ्याला म्हणायचंय, त्याने दंड भरला. पण 'अ' गळाल्यामुळे इंग्रज माणूस वाचतो, त्याने पैसे व्यवस्थित दिले. म्हणजे ज्याने नियम मोडला तोच शहाण्या गिऱ्हाइकात जमा झाला. 'ही पेड अ फाइन' असंच हवं. दंड झाला हे सांगायला सगळ्यात सोपं वाक्य: 'आय वॉज फाइन्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज.' हा 'फाइन्ड' उच्चाराला 'सापडणे'वाल्या 'फाइंड'सारखाच ऐकू येतो. लिहिताना शेवटी ई आणि डी येतात, विसरू नका.

आता कुणी विचारेल, उत्तम आणि दंड हे एकाच शब्दाचे अर्थ कसे? योगायोग नाही. दोन्ही 'फिनिस'चीच लेकरं आहेत. लॅटिनमध्ये 'शेवट करणे' म्हणजे वाद मिटवणे असाही वाक्प्रयोग होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाकडे पैसे भरून प्रकरण संपवून घेत, त्या मिटवामिटवीला 'फाइन' म्हणत. पुढे मिटवण्यासाठी भरलेल्या रकमेलाच ते नाव पडलं, आणि मग ती रक्कम शिक्षा म्हणून वसूल होऊ लागली तरी नाव राहिलं. आपण 'प्रकरण निकाली काढलं' म्हणतो, त्या अर्थाच्या अगदी शेजारचं. 'फायनान्स' हा शब्दही आधी देणं चुकतं करणं या अर्थाचाच होता. हप्ते थकलेल्या माणसाला हे मूळ लगेच पटतं.

इंग्लंडच्या जमिनीच्या व्यवहारातही एक 'फाइन' होता. खोटा दावा लावायचा, कोर्टापुढे समझोता करायचा आणि जमीन दुसऱ्याच्या नावे करून घ्यायची. 1195 पासून या समझोत्याच्या तीन प्रती एकाच चर्मपत्रावर लिहीत. ते तीन तुकड्यांत कापून दोन तुकडे पक्षकारांना देत, आणि तळाचा तुकडा सरकारी दप्तरात ठेवत. तळाच्या तुकड्याशी पक्षकाराचा तुकडा जुळला तरच दस्त खरा. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली, पण कापून ठेवलेले हजारो तुकडे तिकडच्या अभिलेखागारात आजही अभ्यासले जातात. मला या तपशिलाचं फार अप्रूप आहे, कारण 'फाइन' म्हणजे 'अंतिम तडजोड' हा अर्थ इथे अक्षरशः हातात धरता येतो.

रोजच्या वापरात एवढं सांभाळा: प्रत्येक जादा रक्कम 'फाइन' नसते. कायद्याने किंवा नियमाने शिक्षा म्हणून बसवलेला तो 'फाइन'. आपल्या कायद्याच्या मराठीत द्रव्यदंड. घरपट्टी थकली की महापालिका लावते ती शास्ती, म्हणजे 'पेनल्टी'. परीक्षेचा फॉर्म उशिरा भरला की लागतं ते विलंब शुल्क, म्हणजे 'लेट फी'. मालाला उशीर झाला तर 'वी विल पे फाइन' असं करारात लिहिणाऱ्या कारखानदाराने तिथे 'पेनल्टी' लिहावं. 'फाइन' लिहिलं तर जणू तुम्ही गुन्हा कबूल करताय असा सूर लागतो.

हवेचा 'फाइन'

इंग्लंडात 'इट्स अ फाइन डे' म्हणजे ऊन पडलंय, पाऊस नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना सोलापूरच्या निबंधात 'द वेदर इज फाइन' लिहिलं तर शब्दकोशाप्रमाणे चुकत नाही, कारण आकाश निरभ्रच असतं. पण वाचणाऱ्याला सुखद हवेचं चित्र दिसेल. आपल्या अवर्षणी भागात चांगली हवा म्हणजे भरून आलेलं आभाळ. त्यामुळे भाव सांगायचा तर 'हॉट अँड ड्राय' लिहा, किंवा पाऊस आला म्हणून आनंद झाला असेल तर तो सरळ लिहा.

खोटी नाती जुळवणं

माशाच्या पराला इंग्रजीत 'फिन' म्हणतात. त्याचा 'फाइन'शी संबंध नाही. तो जुना जर्मानिक कुळातला शब्द आहे. 'फाइंड', म्हणजे सापडणे, हाही त्याच वेगळ्या कुळातला. 'बारीक शोधून काढलेलं ते फाइन' अशी जोडणी काही मुलं करतात, ती सोडून द्यावी. आवाज जुळला म्हणजे नातं जुळत नाही. उलट 'रिफाइंड', 'फिनिश', 'डिफाइन' ही नाती खरी आहेत, आणि ती धरून ठेवली तर स्पेलिंगही लक्षात राहतं.

नुसतं 'फाइन.' लिहून पाठवणं

ही चूक मोबाइलवरची. साहेबांनी मेसेज केला, मीटिंग पाचला घेऊ. तुम्ही लिहिलं, 'फाइन.' तुमच्या मनात साधं 'बरं' आहे. पण एकटा 'फाइन' आणि पुढे पूर्णविराम असं वाचलं की समोरच्याला त्यात राग किंवा नाइलाज दिसू शकतो, 'ठीक आहे, तुमचंच खरं' या सुरातला. बोलताना आवाजातून खुलासा होतो, लिहिताना होत नाही. म्हणून एक-दोन शब्द जास्त लिहा: 'फाइव्ह इज फाइन फॉर मी', 'दॅट वर्क्स, थँक यू', 'शुअर, सर'.

दुसऱ्याने माफी मागितली तर मात्र 'दॅट्स फाइन' हे अगदी योग्य उत्तर आहे, आपल्या 'असू दे हो'च्या जवळचं. तिथेही 'दॅट्स' खाऊन नुसतं 'फाइन' लिहिलं तर माफी स्वीकारली की नाही, हे समोरच्याला कळत नाही.